माळ्यावरची चटई

माझ्या वर्गात नुसतं "मला वाटतं" चालत नाही. "मला वाटतं, कारण चित्रात अमुक दिसतंय," असं म्हटलं तरच मी उत्तर धरते. तिसरीच्या पोरांना वर्षभर हेच शिकवत आले आहे. शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक घ्यायचं, शेवटचं पान खाकी कागदानं झाकायचं आणि शेवट काय असेल ते बाकीच्या चित्रांवरून ओळखायचं. आमच्या मुख्याध्यापकांना ही थेरं मुळीच पसंत नाहीत. त्यांच्या लेखी शिक्षण म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. "बाई, पोरं घरी जाऊन आईबापांकडे पुरावे मागतात," अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा मला भलताच अभिमान वाटला होता. आता वाटत नाही.

माझी भाची याच वर्गात आहे. तिला घरीदारी सगळे भिंग म्हणतात, कारण कुठलीही वस्तू नाकाला लावून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शाळेत ती मला बाई म्हणते, घरी आत्या.

गेल्या महिन्यात तिची आई वारली, दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात. भिंगला तेव्हा गोवर आला होता, म्हणून ती शेजारच्या काकूंकडे होती. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या दादानं, परत आल्यावर तिला सांगितलं, की आईचे उपचार लांबलेत, परीक्षा झाली की येईल. मी त्याच दिवशी त्याच्याशी भांडले.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, दादा."

"एवढी परीक्षा होऊ दे," तो म्हणाला. "तिला सांगायचं म्हणजे मला ते तोंडानं म्हणावं लागेल गं."

मी माझे चार कपडे घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले आणि गप्प बसले.

तेव्हापासून जेवताना भिंग विचारते, "आज आई काय म्हणाली?" आईचा फोन म्हणे दुपारी येतो, दादा कारखान्यात असताना. मग माझा हा भाऊ, ज्याच्या तोंडून एरवी शब्द काढायचा तर चिमटा लागतो, तो धडाधडा रचत सुटतो. आईच्या खिडकीतून झाड दिसतं. झाडावर खार आहे. रात्रपाळीची नर्स घोरते. भिंग डोळे मोठे करून ऐकते. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते.

काल वर्गात कासवाचं पुस्तक घेतलं. कासव आणि बदक एका घरात राहतात. थंडी पडते, बदक उडून जातं. कासव रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावतं. पुढचं पान झाकलेलं. पुस्तक निवडताना माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

"बदक येणार!" वर्ग ओरडला. "कारण दिवा लावलाय!"

भिंग पुस्तकाला नाक लावून उभी होती. "नाही येणार, बाई."

"कारण?"

"पहिल्या पानावर बदकाची चटई खाली आहे. इथे बघा, गुंडाळून माळ्यावर टाकलीय. जो परत येणार असतो त्याचं अंथरूण कोणी माळ्यावर टाकत नाही."

गेल्याच आठवड्यात दादानं वहिनीची गादी गुंडाळून माळ्यावर टाकली होती. स्टूल मीच धरलं होतं.

"मग कासव दिवा कशाला लावतं?" पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

"गोगलगाईसाठी," भिंग म्हणाली.

कसली गोगलगाय? वर्षानुवर्षं मी ते पुस्तक शिकवतेय. भिंगनं बोट ठेवलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, नखाएवढी, एक गोगलगाय होती. आणि माळ्याच्या चित्रात ती गुंडाळलेल्या चटईवर चढून बसली होती.

"तिला माहीत आहे, बदक येणार नाही ते," भिंग म्हणाली.

मी घाईघाईनं खाकी कागद काढला. शेवटच्या पानावर बदक परत आलं होतं, दोघं दिव्याजवळ बसून हसत होती. वर्गानं टाळ्या पिटल्या. माझाही जीव भांड्यात पडला. भिंग मात्र पुन्हा वाकून बघत होती.

"शेवट खोटा आहे, बाई. चटई अजून माळ्यावरच आहे."

खरंच होती.

शाळा सुटल्यावर आम्ही चालत निघालो. रस्त्याचं काम चालू होतं, फूटपाथ खणून ठेवला होता, म्हणून मी तिचा हात धरला होता. पुलापाशी आल्यावर मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"गादीच्या आधीच." तिनं वर बघितलं नाही. "आईचा चष्मा बाबांच्या खणात आहे, आत्या. चष्म्याशिवाय तिला खार कशी दिसेल?"

"मग रोज विचारतेस कशाला गं, बाळा?"

"विचारलं की बाबा जेवतात. रविवारी मी विचारलंच नाही. त्यांचं ताट तसंच राहिलं. तू बघितलं नाहीस?"

मी बघितलं नव्हतं. मी, पुरावे शिकवणारी बाई.

"त्यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला. "पण परीक्षा संपल्यावर ते काय सांगणार?"

"मला वाटतं…" एवढं म्हणून मी थांबले. ती कारणाची वाट बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती तिथेच, खडीच्या ढिगापाशी, माझ्या साडीत तोंड खुपसून रडली. घर जवळ आल्यावर तिनं सार्वजनिक नळावर तोंड धुतलं आणि मला विचारलं, "डोळे लाल दिसतात का?"

रात्री दादा ताटावर बसला आणि भाताशी नुसता चाळा करत राहिला. मी भिंगकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"बाबा, आज आई काय म्हणाली?"

दादानं मान वर केली. "आज ना," तो म्हणाला, "त्या खारीला पिल्लं झालीत म्हणे."

"किती?" भिंगनं विचारलं आणि वाटी हळूच त्याच्याकडे सरकवली. त्यानं पहिला घास घेतला.