चादरीची दोन टोकं

“तुझ्या नव्वद घड्या कशा गं झाल्या? माझ्या अजून पन्नासही नाहीत,” आक्का म्हणाल्या.

“हात चालतो, आक्का, दुसरं काय!” मी म्हणाले आणि पाठीमागच्या भिंतीवर टांगलेला माझा एप्रन उगाचच सरळ केला. त्या एप्रनखाली दोन खिळे होते, प्रत्येकाला कपड्यांचा एकेक चिमटा बांधलेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

इस्पितळाच्या धुलाईघरात आम्ही वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायचो. काम दोघींचं. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने; झटकायची, ताणायची, मग चार पावलं एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं हातात द्यायची. अकरा वर्षं माझ्यासमोर आक्काच होत्या. बोलणं व्हायचं ते जवळ आल्यावर, तेवढ्यापुरतं. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची हकिगत मला सहा चादरींत मिळाली होती. माझ्या सासूबाईंना मात्र आख्खा गठ्ठा लागायचा.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर फळा लावला. प्रत्येकीचं नाव, आणि घडी झाली की नावापुढे रेघ.

“जोडीत कोण काम करतं आणि कोण नुसतं उभं राहतं, कळत नाही,” ते म्हणाले. “आता जिची तिने घालायची.”

महिनाअखेर जी सगळ्यात खाली, ती ओल्या विभागात जाणार होती. तिथे पाण्याने जड झालेले कपडे यंत्रातून उपसावे लागायचे. आक्कांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं, कारण चादर झटकताना त्यांच्या बाजूचा जोरही मीच लावायचे.

पहिले दोन दिवस सगळ्याच जणी हनुवटीखाली चादर धरून माकडचेष्टा करत होतो. हसतही होतो. तिसऱ्या दिवशी मी घरून खिळे आणि चिमटे आणले, उजेडाचं निमित्त काढून कपाटाआडच्या कोपऱ्यात गेले. दोन टोकं चिमट्यांत, दोन माझ्या हातात. भिंत दमत नाही.

आक्कांसाठी आणखी दोन खिळे ठोकायला पाच मिनिटं लागली असती. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग फळ्याकडे नजर जायची. शाळेत मी कायम मधली. आयुष्यात पहिल्यांदा माझा कशात तरी पहिला नंबर होता. मी मूग गिळून बसले.

महिनाअखेर साहेबांनी आक्कांचं नाव वाचलं तेव्हा मी गठ्ठा बांधत होते. बांधून झालेला गठ्ठा सोडला आणि पुन्हा बांधला.

आठ दिवसांनी आक्का रिकामी हातगाडी न्यायला आल्या. पायांत रबरी बूट, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, उजवा हात पोटाशी धरलेला. त्यांना पाहताच मी चिमट्यांतून चादर ओढली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. चादरीची दोन टोकं जमिनीवर पडली.

“खांदा कसा आहे, आक्का?”

“आहे तिथेच आहे.”

त्या वाकल्या. पडलेली टोकं डाव्या हाताने उचलली, एक उजव्यात दिलं, आणि नेहमीसारख्या मागे सरकून उभ्या राहिल्या. मी झटकली, दोघींच्या वाटणीची. चार पावलं चालून त्या जवळ आल्या.

“ही तुझ्यात मोज,” त्या म्हणाल्या. “आणि ते खिळे वीतभर वर ठोक. रोज वाकतेस, कंबर जाईल.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“चौथ्याच दिवशी. एप्रन अंगात घालायचा असतो, बाई. तू महिनाभर टांगूनच ठेवलास.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, सांगशील.”

एवढं म्हणून त्या हातगाडी ढकलत गेल्या, एका हाताने.

चादरीच्या दोन टोकांवर त्यांच्या ओल्या बोटांचे ठसे उमटले होते. नियमाप्रमाणे ती पुन्हा धुवायला टाकायची. म्हणजे ती पुन्हा त्यांच्याच हाताखाली गेली असती. मी ती गठ्ठ्याच्या मधोमध सारली, वर दुसऱ्या चादरी ठेवल्या, आणि फळ्यापाशी जाऊन माझ्या नावापुढे एक रेघ ओढली.