दाराजवळचा संगणक आणि गोठ्याच्या चटया

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा मागे पसरलेला, त्यामुळे मला पोक आल्यासारखे दिसते. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. कळफलकावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून नेली आहेत. तरी माझ्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. जरा बसा. मला सुरू व्हायलाही तेवढाच वेळ लागतो.

माझे अवयव निरनिराळ्या देशांत तयार झाले आणि हैदराबादच्या एका दुकानात त्यांची पहिली भेट झाली. तिथून निजामोद्दीन यांनी मला लातूरला आणले. एसटीत त्यांनी मला मांडीवर धरले होते. क्लासेसच्या भागात त्यांचे नेट कॅफे होते. आजूबाजूला मेस, मुलींची वसतिगृहे, झेरॉक्सची दुकाने आणि भिंतीभर हसऱ्या गुणवंतांचे फोटो. मला जागा मिळाली ती दाराला लागून. धूळ आधी मला, ऊन आधी मला आणि गिऱ्हाईकही आधी मलाच.

निकालाच्या दिवशी माझा मान मोठा असे. कोणी उदबत्ती लावी, कोणी पेढा माझ्या डोक्यावर ठेवी. दुसऱ्या दिवशी पान उघडायला उशीर झाला की त्याच डोक्यावर थापड बसे. मी दोन्ही सारखेच मानले.

आता माझ्या खिशाबद्दल सांगतो. सायकल स्टँडवर सायकल लावली की स्टँडवाला एक बिल्ला सायकलीला अडकवतो आणि त्याचा जोडीदार तुमच्या हातात देतो. परत येताना बिल्ला दाखवला की तो तुम्हाला ओळखतो. संकेतस्थळेही तसेच करतात. भेट दिली की एक बिल्ला माझ्या खिशात ठेवतात. त्याला कुकी म्हणतात. तो असतो म्हणून दर पानाला पुन्हा नाव आणि पासवर्ड द्यावा लागत नाही. बिचारा उपयोगाचा असतो.

पण काही बिल्ले परक्यांचे असतात. तुम्ही एका ठिकाणी जाता आणि तिथे कोपऱ्यात बसलेला जाहिरातवाला आपलाही बिल्ला गुपचूप माझ्या खिशात टाकतो. मग तुम्ही कुठेही जा, त्याची माणसे तिथे उभीच. बिल्ला बघून ती म्हणतात, "हे तर परवा अमुक वस्तू बघत होते." आणि तीच वस्तू पुन्हा पुढे करतात. खुर्चीत माणूस बदलला आहे, हे त्यांच्या गावीही नसते. बिल्ला माझ्या खिशात असतो, माणसाच्या नाही.

पूर्वी निजामोद्दीन रोज संध्याकाळी माझा खिसा झाडत असत. पण नेहमीची गिऱ्हाइके कुरकुरली, पासवर्ड पुन्हा पुन्हा कोण आठवत बसणार? मग त्यांनी झाडणे सोडले. पुढे रसायनशास्त्राच्या एका सरांनी माझ्यावर केसांचा टोप बघितला, आणि आठवडाभर बारावीच्या पोरांना टोपच दिसत राहिले. पोरे अभ्यास सोडून आपापले डोके चाचपत बसली.

आमच्याकडे दर शनिवारी गुरुबसप्पा येत. देवणीला त्यांचे किराणा दुकान होते. मुलगी मंजुश्री लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्यासाठी ते घरचा डबा आणत, आणि एसटीला वेळ असला की माझ्यापुढे बसून तुरीचा भाव बघत. भूकंपाच्या पहाटे ते किल्लारीकडे पाहुण्यांच्या घरी होते. खाट दाराशी होती म्हणून वाचले. तेव्हापासून लग्न असो, कीर्तन असो की एसटी, ते दार सोडत नसत. मुलगी भूकंपानंतर जन्मली, पण तिलाही तेच वळण लावलेले. म्हणून बाप आणि लेक, दोघेही वेगवेगळ्या वेळी माझ्यासमोरच बसत.

त्या वर्षी मंजुश्रीला गुण कमी पडले. अजून एक वर्ष लातूरला काढून पुन्हा परीक्षा द्यायची, असे गुरुबसप्पांनी ठरवून टाकले होते. दुसरे कोणते कॉलेज हवे असेल तर सोमवारपर्यंत पसंती कळवायची होती. ती घरी काहीच बोलली नव्हती. फक्त माझ्यासमोर बसून उदगीरचे जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज बघत असे. तिथून गाईंचे आजार, दूध काढायचे यंत्र, गोठ्यातल्या रबरी चटया. जाहिरातवाल्यांनी माझा खिसा बिल्ल्यांनी भरून टाकला.

शनिवार आला. मंजुश्री रिकामा डबा घेऊन कॅफेतल्या बाकावर बसली होती. गुरुबसप्पा माझ्याकडे बघत कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "निजामभाई, तुमचं मशीन मला गुराखी समजून राहिलं का?"

"काय झालं अप्पा?"

"तुरीचा भाव बघतो तर बाजूला म्हैस. बातमी उघडतो तर दूध काढायचं यंत्र. आता ह्या बघा, गोठ्यात हातरायच्या चटया. माझ्या दुकानात मला बसायला धड चटई न्हाई."

निजामोद्दीन हसले. पण गुरुबसप्पा हसत नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "गेल्या सोमवारी महादेवापुढं कौल लावला. पानात फुलं बांधून टाकली, पोरगी डॉक्टर होईल का म्हणून. नीट काही उमगलं न्हाई. आता इथं सारखा गोठा दिसून राहिला. देव सांगतोय, पोरगी शेण काढंल."

मंजुश्रीच्या हातून डब्याचे झाकण निसटून फरशीवर वाजत गेले.

"हा कौल न्हाई अप्पा, कुकी हाय," निजामोद्दीन म्हणाले.

"बिस्किट?"

"नाव बिस्किटाचं, काम चुगलखोराचं." मग त्यांनी सायकल स्टँडचा दाखला देऊन सगळे समजावले.

"म्हणजे माझ्याआधी इथं कोणीतरी गोठा बघितला. कोण?"

निजामोद्दीन यांनी बाकाकडे बघायचे कटाक्षाने टाळले. "दिवसभर पोरं बसतात अप्पा. बिल्ल्यावर नाव नसतं. थांबा, झाडूनच टाकतो."

त्यांनी सेटिंग उघडून साचलेल्या कुक्या पुसल्या आणि परक्यांच्या कुक्या येऊ न देण्याच्या चौकटीत खूण केली. माझा खिसा हलका झाला. गुरुबसप्पांनी भाव पुन्हा उघडला. बाजूला साबणाची वडी होती.

"गेली म्हैस," ते सुटका झाल्यासारखे म्हणाले. "चल मंजू, डबा दे."

मंजुश्रीने डबा दिला नाही. आता गप्प राहिली असती तर कोणाला काही कळले नसते.

"अप्पा, गोठा मी बघत होते."

"का?"

"मला उदगीरला जायचंय. माणसांचं न्हाई, जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. आपली चांदी गाय व्यायला अडली, तेव्हा डॉक्टर येईस्तोवर तुम्ही तिच्या मानेवर हात ठेवून बसला होता. डॉक्टर आला, पण उशिरा. तेव्हापासून डोक्यात हाय."

गुरुबसप्पांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "मशीनला सांगितलंस. मला न्हाई."

"तुम्ही देवाला विचारलं, मशीनचाही कौल घेतला. मला कुठं विचारलं?"

निजामोद्दीन यांना त्याच वेळी माझा माउस पुसायची आठवण झाली.

"निजामभाई," शेवटी गुरुबसप्पा म्हणाले, "त्या चटया परत आणा."

"पुसल्यावर येत न्हाईत अप्पा."

"पोरीला पत्ता ठाऊक हाय." ते खुर्चीतून उठले. "बस मंजू. आधी ते कॉलेज दाखव. मग चटया."

तिने पत्ता लिहिला. कॉलेजने एक नवा, साधा बिल्ला माझ्या खिशात टाकला.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसली. कॅफे बंद करताना निजामोद्दीन यांनी मला देवणीला पाठवले, डॉक्टर मंजुश्रीच्या दवाखान्यात. इथेही मी दाराजवळच आहे. बाहेर गाई हंबरतात आणि त्यांच्यापेक्षा माझा पंखा मोठ्याने ओरडतो. अप्पा रोज तुरीचा भाव बघतात. अधूनमधून बाजूला म्हैस आली की म्हणतात, "आता बरोबर ओळखलं."

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याच्या संगणकावरून उठताना आपले खाते बंद करा आणि त्याचा खिसा झाडून जा. त्याला परक्यांचे बिल्ले घेऊ देऊ नका. आणि मनातले काही असेल, तर आधी डबा घेऊन आलेल्या माणसाला सांगा. माझ्या पोटात काही राहत नाही.