भाता हलवायला दुसरा हात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हं, वाजवायची! माझ्या कारागिराने माझा एकेक सूर कान लावून जुळवला आणि मगच मला दुकानाच्या काचेत मांडले. तिथून तात्यांनी मला घरी आणले. डाव्या हाताने ते माझा भाता हलवत, उजव्याने पट्ट्या दाबत, आणि शेजारीपाजारी हातातले काम टाकून खिडकीशी येत. उगाच फुशारकी मारत नाही, विचारा कुणालाही!

तात्या सुरांचे पक्के, पण जिभेचे तिखट. एकदा चारचौघांत ते मुलाला म्हणाले, "तुझ्या कानाला सूर म्हणून नाहीच." मुलगा तडक उठून गेला. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. एकाच खोलीत बसून दोघे आजींमार्फत, म्हणजे तात्यांच्या बायकोमार्फत बोलत. "त्याला विचार, चहा घेणार का?" "त्यांना सांग, घेतलाय." बिचाऱ्या आजी!

पुढे आजारपणात तात्यांचा डावा हात लुळा पडला. आता भाता कोण हलवणार? आणि मदत मागतील तर ते तात्या कसले! माझ्यावर चादर पडली, चादरीवर इस्त्रीचे कपडे. वाटले, संपले आपले गाणे. मला फार वाईट वाटले.

यंदा वर्षअखेरच्या सुट्टीत मुलगा बायकापोरांसह आला. टीव्ही, मोबाइल, पोरांची मारामारी, घरात नुसता गलका. तात्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेले. शेवटी आजींचा पारा चढला. त्यांनी कपडे बाजूला फेकले, चादर ओढली.

"टीव्ही बंद करा आधी! आणि तू रे, ऊठ. भाता तू हलव, वाजवतील ते."

आजींपुढे कुणाची टाप? तात्या माझ्या अलीकडे बसले, मुलगा पलीकडे. त्याने भाता असा दणादण मारला, की मी केकाटलेच. पोरांनी कान झाकले.

"अरे, सायकलच्या चाकात हवा भरतोयस का?" तात्या ओरडले.

पोरांचे हात कानांवरून खाली आले. इतक्या वर्षांनी तात्या थेट मुलाशी बोलले होते.

"मग सांगा ना, कसं ते," मुलगा म्हणाला.

"हळू. बोटांकडे बघू नकोस, ऐक. सूर विरायला लागला की हवा दे."

मुलाने डोळे मिटले. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही. मग तात्यांची बोटे रेंगाळली की त्याचा हात रेंगाळू लागला. पोरे मांडी घालून बसली, आजी दाराला टेकल्या. घर कसे शांत शांत झाले.

गाणे संपल्यावर तात्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "कान आहे रे तुला."

मुलाने भाता पुन्हा भरला.

मित्रांनो, वाहवा मी पुष्कळ ऐकली आहे. पण त्या संध्याकाळी मला दोघांनी मिळून वाजवले, त्याचा अभिमान काही वेगळाच. तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी चादरीखाली असेल, तर या सुट्टीत बाहेर काढा. वाजवता येत नसेल तर नुसता भाता हलवायला बसा, समोरच्याचे ऐकत. आणि हो, इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवा!