पोटातले ठोके

सिस्टरनी पोटावर जेल लावलं तशी निलम गारठून आक्रसली आणि मान उचलून त्यांच्या हातातल्या छोट्या यंत्राकडे बघू लागली.

"मान खाली ठेव. पोट कडक होतंय."

यंत्र आधी नुसतं खरखरलं. मग त्या खरखरीतून एक घाईघाईचा, ठाम आवाज वर आला.

"इतकं जोरात का पळतंय?"

"पळत नाही. पोटातल्या बाळाचे ठोके आपल्याहून जलदच असतात."

निलमला सहावा लागला होता आणि दिवस गेल्यापासून ती असेच प्रश्न विचारत सुटली होती. बाळ पोटात झोपतं का? आपण तिखट खाल्लं तर त्याला लागतं का? पाड्यावरच्या हातपंपाशी, डहाणूला चिकू निवडायला जायची त्या वखारीत, भेटेल त्या बाईला ती विचारायची. पहिल्यांदा हललं तेव्हा कसं वाटलं? एक म्हणाली, ओंजळीत मासोळी आल्यासारखं. दुसरीला वाटलं होतं, गॅस झालाय. निलमला दोन्ही उत्तरं आवडली होती.

फक्त सासूकडून काही मिळत नव्हतं. शुक्रीने चार लेकरं वाढवली होती. पण विचारलं की, "कामात कोणाचं ध्यान असतं," म्हणून ती उठून जायची. आपण सासूला आवडत नाही, असं निलमने मनाशी धरून टाकलं होतं. आजही नवऱ्याला, नविनला, कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही म्हणूनच शुक्री सोबत आली होती. दाराशी बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, बाहेर तोंड करून बसली होती.

"सिस्टर, माझ्या सासूला पण ऐकवाल?"

"बोलव की."

"मी काय करू ऐकून," म्हणत शुक्री पिशवी दाराशी ठेवून आत आली.

बाळ तेवढ्यात सरकलं होतं. सिस्टरनी यंत्र बेंबीच्या डावीकडे फिरवलं, आणि ठोके पुन्हा सापडले. शुक्री आधी यंत्राकडे बघत राहिली. मग हळूहळू वाकली आणि कान निलमच्या पोटाजवळ नेला.

"हा हितला आवाज?"

"हो, मावशी."

"सगळ्यांचा असाच असतो?"

"साधारण असाच."

"जे राहत नाय, त्याचा पण?"

जेल पुसायला घेतलेला सिस्टरचा हात थांबला. "जिवंत आहे तोवर त्याचाही असाच, मावशी."

शुक्रीने मान हलवली आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलली.

बसथांब्यावर दोघीच होत्या. निलमला खूप विचारायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते तिला पहिल्यांदाच कळत नव्हतं.

"नविन दुसरा," शुक्री रस्त्याकडे बघत म्हणाली. "पहिली पोर होती. आठव्यात झाली. दिवस मावळायच्या आत गेली. सासू म्हणली, कोणाजवळ तिचं नाव काढायचं नाय. मग नविन झाला, तर सगळे म्हणले, पहिला पोरगा."

निलमचा हात आपोआप पोटावर गेला.

"तू विचारायचीस ना, कसं वाटलं. मला आधी तीच आठवते. पहिलटकरणीला असलं सांगू नये, म्हणून तोंड उघडत नव्हती. आज निघालं तोंडातून. घाबरलीस?"

"थोडी."

समोरून एक टेम्पो गेला. निलमने ओठांवरून जीभ फिरवली.

"आई, ती खूप हलायची?"

शुक्रीने वळून तिच्याकडे पाहिलं. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"खूप. मी भात लावायला वाकली की लाथा मारायची. उभी राहिली की गप." तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "मी मुद्दाम वाकायची. आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, काय कामाची बाय हाय."

निलम हसली. तेवढ्यात बस येऊन थांबली. निलम उठायला लागली तर शुक्रीने तिचं मनगट धरलं.

"ही जाऊ दे," ती म्हणाली.

कंडक्टरने क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि घंटी मारली.