पुलावरची पाठमोरी माणसं

वील्माने ब्रश खाली ठेवला, तेव्हा एतेल्का हात पुसून खिडकीतून बाहेर बघत होती. तिचं ताट केव्हाच रंगवून झालं होतं.

एकोणतीस वर्षं दोघी एकाच टेबलावर चिनी नक्षीची ताटं रंगवत होत्या. पुलावरची दोन चिनी माणसं, त्यांच्या लांब मिशा, छत्री हे एतेल्काचं काम. नदी, होडी, बांबूची बेटं वील्माची. आता कारखान्यात छापील नक्षी येणार होती. हाताने रंगवणारी एकच बाई ठेवायची, असं सेंद्रेईसाहेबांनी ठरवलं होतं. म्हणून आज प्रत्येकीने अख्खं ताट एकटीने करायचं होतं. एतेल्काच्या पेन्शनला तीन वर्षं उरली होती, वील्माच्या पाच.

साहेबांनी एतेल्काचं ताट उजेडात धरलं. चेहरे झकास आहेत म्हणाले, पाणी मात्र कमी वाटतं.

"होडी आहे म्हणजे खाली पाणी असणारच की, साहेब."

साहेब हसले. मग त्यांनी वील्माचं ताट घेतलं आणि त्यांचं हसू मावळलं. पुलावरची दोन्ही माणसं पाठमोरी होती. अशी बिनचेहऱ्याची माणसं कोण विकत घेणार, असं त्यांनी विचारलं. वील्माला चेहरे जमत नाहीत, हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं.

एतेल्काने ते ताट मागून घेतलं. त्यातली दोघं पुलाचा चढ चढत होती. छत्री एकाच्याच हातात, आणि दुसऱ्याचा खांदा तिच्याखाली जरासा झुकलेला. तिने ताट साहेबांपुढे सरकवलं.

"हिला ठेवा, साहेब."

"का? तुमचं तर उत्तम झालंय."

"माझी माणसं गिऱ्हाइकाकडे बघत उभी आहेत. हिची कुठंतरी निघालीत. चेहरे मी हिला आठवड्याभरात शिकवते. हे मला कोण शिकवणार?"

"गप्प बस गं," वील्मा पुटपुटली. "वेड लागलंय का तुला? तीन वर्षं कशी काढशील?"

"काढीन कशीतरी. पण ताटातलं मला कळतं, वील्मा."

साहेबांनी दोन्ही ताटं शेजारी ठेवून पुन्हा पाहिली, आणि तिचं म्हणणं मानलं.

आठवडाभर एतेल्काने वील्माकडून मिशा गिरवून घेतल्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिने आपले ब्रश धुतले आणि कोट चढवला. फाटकाबाहेर ती क्षणभर थांबली. दुपारी दोन वाजता हा रस्ता कसा दिसतो, ते तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. ऊन छान पडलं होतं. ती बसची वाट न बघता चालू लागली.