गुळगुळीत रस्त्याच्या पोटातून

मी एक पोकळी बोलतेय. हसू नका. पोकळीला कसली आलीय जीवनकथा, असं तुम्हाला वाटणार. पण रोज माझ्या अंगावरून जाता, तर घटकाभर ऐकून घ्यायला काय हरकत आहे? मी खड्डा नाही बरं. खड्डा म्हणजे उघड मामला. दिसतो, शिव्या खातो, कधीतरी बुजतो. मी रस्त्याच्या पोटात आहे. वर डांबर इतकं गुळगुळीत, की लोक पाहुण्यांना मुद्दाम या रस्त्याने फिरवून आणतात.

एरवी मी बोलले नसते. पण एका मुकादमाच्या लेकीचा जीव सध्या माझ्या हातात आहे, आणि मला हातच नाहीत. म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म भर दुपारी झाला. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. पावसाचं पाणी ओढ्याकडे नेणारा सिमेंटचा पाईप रस्त्याखाली आडवा टाकला होता. अशा पाईपवर आधी हात-दीड हात माती नीट दाबून बसवायची आणि मगच रोलर चढवायचा, ही त्या कामाची रीत. पण इथे उद्घाटनाची तारीख आधी ठरली होती आणि रस्ता तिच्यामागून धावत होता. वीतभर मातीवरच रोलर आला. खाली काहीतरी कट्‌कन वाजलं. रोलरवाल्याने यंत्र थांबवलं आणि काहीतरी तुटलंय असं सांगितलं. देखरेखीवरचा बाबू म्हणाला, तुटलं तर तुटलं, मंत्री उद्या येतायत. रोलर पुढे गेला. पाईपला करंगळी जाईल एवढी भेग पडली होती. तीच मी.

रातोरात वर डांबर पडलं आणि दुसऱ्या दिवशी टाळ्या ऐकल्या. मंत्र्यांनी भाषण केलं की हा रस्ता 'डांबरपट्टी'तून झालाय. डांबरपट्टी हे लोकांनी ठेवलेलं नाव. गाडीत तेल भरताना दर लिटरमागे रस्त्यांसाठी एक कर घेत, तो हा. पन्नास पावलांवर पेट्रोल पंप आहे, आणि त्याची रांग माझ्यावरच उभी राहते. त्यामुळे जगाचं राजकारण मला घरबसल्या कळतं. पंपावर उभा राहिलेला माणूस गप्प बसला असं कधी झालंच नाही. कर भरताना त्याचा जीव जातो, आणि रस्ता खराब असला तरीही त्याचाच जीव जातो. दोन्ही तक्रारी एकाच तोंडातून ऐकायची मला सवय झाली.

पुढे पावसाळे आले. दर पावसात मूठभर माती भेगेतून पाईपमध्ये उतरायची आणि ओढ्याला मिळायची. लोक म्हणतात जमीन गिळते. अहो, मी काहीच खाल्लं नाही. माती निघून जाते आणि मी उरते, एवढंच. आधी मी वाटीएवढी होते, मग बादलीएवढी. एक दिवस वरून बस गेली आणि तिचा आवाज माझ्यात फिरून परत आला. तेव्हा मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली.

माणसांना मी पावलांवरून ओळखते. त्यांत एक पाऊल वेगळं होतं. डावा पाय जरा ओढत चालणारं, आणि सोबत लोखंडी पहार. तो या रस्त्याचा मुकादम. त्याची जुनी खोड अशी, की चालता चालता दर चार पावलांवर पहारेने रस्ता ठोकायचा. भरीव जमीन ठक्क वाजते. रस्त्याची नाडी बघतो, असं पंपावरची पोरं त्याची चेष्टा करायची. माझ्यावर आला आणि पहार वाजली ती भलतीच. तो थांबला. पुन्हा ठोकली. मग गुडघे टेकून त्याने रस्त्याला कान लावला. माझ्या छताच्या एका बाजूला त्याचा कान, दुसऱ्या बाजूला मी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटतं त्यालाही काहीतरी ऐकू आलं असावं, कारण तो झटकन उठला आणि कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

या रस्त्यावर ट्रकना बंदी आहे, पंपाचा टँकरही पलीकडच्या बाजूने येतो. सर्वांत जड येते ती बस, दिवसातून एकदाच, सकाळी; परतताना ती दुसऱ्या वाटेने जाते. आणि ती चालवते मुकादमाची एकुलती एक लेक.

तो साहेबाकडे गेला. साहेबाने सांगितलं की निवडणूक तोंडावर आलीय, आणि निवडणूक आहे ती डांबरपट्टीवरच. कर ठेवायचा की काढायचा, यावर सगळं गाव भांडतंय. सरकारच्या प्रत्येक फलकावर याच रस्त्याचा फोटो आहे. तो आता उकरायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मग मुकादम विरोधी पुढाऱ्याकडे गेला. पुढारी आधी खूश झाला, फोटोवाला घेऊन आला. माझ्यावर उभा राहून म्हणाला, खड्डा कुठाय? मुकादमाने पहार ठोकून आवाज ऐकवला. पुढारी म्हणाला, आवाजाचा फोटो येत नाही हो. आणि निघून गेला.

निवडणुकीत विरोधी जिंकले. डांबरपट्टी रद्द झाली. पंपावर लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. माझ्या छतावर अक्षरशः नाचले. मी जीव मुठीत धरून बसले होते. आठ दिवस तेल स्वस्त होतं. मग दुसरंच काहीतरी कारण निघालं आणि भाव होता तिथे आला. कर गेला, त्याबरोबर रस्त्यांचा निधी गेला, मी मात्र राहिले. मुकादम पुन्हा त्याच साहेबाकडे गेला. साहेबाने या वेळी खरंच हळहळून सांगितलं की आता उकरायला परवानगी आहे, पण बुजवायला निधी नाही. आणि बुजवता येत नाही ते उकरायचं नाही, असा नियम आहे.

मुकादमाने माझ्याभोवती रिकामी पिंपं उभी केली. पंपाच्या रांगेला अडचण होते म्हणून लोकांनी ती तासाभरात हलवली. तीन वेळा त्याने मांडली, तीन वेळा गेली. चौथ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन आला आणि सरळ घाव घालायला लागला.

तेव्हा मी उजेड पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा. मुठीएवढं भोक पडलं आणि पांढरी तिरीप माझ्या तळापर्यंत आली. मीच दचकले. एवढी मोठी झाले होते मी! एखादं कुटुंब संसार थाटेल एवढी. त्या भोकाला मुकादमाने डोळा लावला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्याने सुतळीला दगड बांधून आत सोडला. सुतळी संपली तरी दगड टेकला नाही.

तेवढ्यात पंपावरच्या लोकांनी त्याला मागून धरलं. साहेबही आला. भोक बघून म्हणाला, "चांगला रस्ता होता. हा खड्डा तू केलास."

सगळ्यांनी मान डोलावली. कुणी वाकून आत पाहिलं नाही. सरकारी रस्ता फोडला म्हणून मुकादमाची नोकरी गेली, आणि संध्याकाळच्या आत भोकावर डांबराचं ठिगळ बसलं. रस्ता पुन्हा गुळगुळीत झाला. मी पुन्हा अंधारात गेले. उजेड बघून झाल्यावर अंधार फार जड जातो हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस माझ्या अलीकडेच थांबली. लेकीने सगळ्या उतारूंना खाली उतरवलं आणि कडेकडेने चालत पलीकडे जायला सांगितलं. लोक चिडले, कुरकुरले. बापाचं खूळ लेकीच्या डोक्यात शिरलं, असंही कुणी म्हणालं. पण बस तिच्या हातात होती. दहा-बारा दिवसांत कुरकुर थांबली. आता रोज सकाळी तीस-चाळीस जोड्या पावलं माझ्या कडेने जातात. कुणी बोलत नाही. पोरंसुद्धा टाचा उचलून चालतात. एवढा सुरेख रस्ता आणि त्याच्या काठाने चोरासारखी चालणारी माणसं! नवा कुणी आला आणि काय झालंय म्हणून विचारायला लागला, तर त्याला गप्प करतात. माझ्यावर त्यांचा विश्वास बसलाय, पण तसं तोंडाने कबूल करायला कुणी तयार नाही.

बाप एकदा माझ्या कडेलाच तिला म्हणाला, "सोड ही नोकरी. मी हात जोडतो."

ती म्हणाली, "बाबा, मी नाही नेली तर दुसरा नेईल. आणि तो कुणाला खाली उतरवणार नाही."

 

तर असं चाललंय. सगळे उतरतात, चालत पलीकडे जातात आणि थांबतात. ती उतरत नाही. बस कुणाला तरी आणावीच लागते. ती अगदी कडेने, हळूहळू आणते. पंपाजवळ मुकादम उभा असतो, आमच्याकडे पाठ करून. टाचांच्या दाबावरून मला ते कळतं. बस पलीकडे पोचली की ती एकदा हॉर्न वाजवते. तेव्हा कुठे तो वळतो आणि घरी जातो.

सुरुवातीला कड पक्की होती. पण यंदाचा पाऊस फार झाला. मी आता कडेच्याही खाली आहे. हे तिला ठाऊक नाही. पहार नोकरीबरोबरच साहेबाने काढून घेतली, त्यामुळे त्यालाही ठाऊक नाही.

आज दुपारी माझ्या छताचा परातीएवढा तुकडा आतून निखळला. नेमका कडेचा. वर चरासुद्धा उमटलेला नाही. मी ओरडून पाहिलं. पंपावरच्या एकाला तो आवाज आपल्याच पोटातला वाटला. म्हणाला, भूक लागली वाटतं.

मला कुणाला गिळायचं नाही. कुणाला हवं असतं ते? तुम्ही कर द्या, नका देऊ, कुणालाही निवडून द्या. ते तुमचं तुम्ही बघा. पण तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर मुकादमाच्या घरी एवढा निरोप द्या, की कड गेली. आजच द्या. त्याची लेक उद्या साडेसहाला सगळ्यांना खाली उतरवेल, सगळे नीट पलीकडे गेले का ते मोजेल, आणि मग एकटी निघेल.