बिनचेहऱ्याचा बुध्या

पोरांनो, मोखाड्याचा आठवडी बाजार मनात आणा. सुक्या बोंबलाचा वास येतोय, कोंबड्या कलकलतायत, जीपवाले "जव्हार, जव्हार!" ओरडतायत. आणलात? आता कानांवर हात घट्ट दाबा. वास तोच, गर्दी तीच, माणसांची तोंडं हलतायत, पण आवाज कसलाच नाही. सहा वर्षांच्या बुध्याचा बाजार असा होता. आणि त्याच बाजारात तो हरवला.

कमू त्याची थोरली बहीण. दिवाळी झाली की आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. मग जामसरच्या घरात ही दोघं आणि फागीआत्या. बुध्याला हाक मारून उपयोग नसे. कमू घराच्या खांबावर मूठ आपटायची. दोनदा, मग जरा थांबून एकदा. खांब थरथरला की त्याला टेकून बसलेला बुध्या वळून हसायचा. थरथरेल ते त्याला आवडे. पिठाची गिरणी सुरू झाली, की हा निघालाच तिच्या भिंतीला पोट लावायला.

कमूला नाद चित्रांचा. शाळेतल्या जयश्रीबाईंनी लावलेला. "रोज एक चित्र काढायचं. मनातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं." कमू जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काढायची. पाण्याला लागलेली हंड्यांची रांग, छपरावर चढलेली बकरी, पंक्चर काढणारा माणूस. पण तिची माणसं आत्या लग्नघरी भिंतीवर काढते तशीच असत. दोन त्रिकोण आणि वर वाटोळं डोकं. नाक नाही, डोळे नाहीत.

"अगं, चेहरा काढायला कधी शिकणार?" बाई विचारत.

आत्या हसायची. "तोंड कशाला? माणूस काय करतोय ते कळलं म्हंजे झालं."

त्या दिवशी आत्या नागली, म्हणजे आपली नाचणी, विकत बसली होती. कमूला समोरून एक माणूस दिसला, डोक्यावर टोपल्यांची ही एवढी चळत घेऊन चाललेला. तो गेला की आजचं चित्रही गेलं! पेन्सिल धरायला तिनं उजवा हात सोडवला. त्या हातात बुध्याचा हात होता.

चळतीची शेवटची टोपली काढून तिनं मान वर केली. शेजारी कुणी नव्हतं.

"बुध्या!" ती ओरडली. वेडी पोर! कुणाला हाक मारत होती?

आत्यानं बाबाला फोन लावून पाहिला, मग ती मासळीच्या रांगेकडे धावली, कमू जीपच्या अड्ड्याकडे. तिथं सुदर्शन नावाचा जीपवाला सीटा भरत होता.

"दादा, माझा भाऊ पाहिला का? निळा शर्ट आहे."

"निळा? बघ की बाजारात. निम्मी पोरं निळीच हायत. नाव सांग, पुकारतो."

"त्याला ऐकू येत नाही. बोलत पण नाही."

सुदर्शनच्या तोंडातला तंबाखू थांबला. "फोटो हाय?"

"बाबाच्या मोबाईलात. आत्यानं मघाशी फोन लावला, पण लागत नाही."

"हातात पेन्सिल हाय ना? काढ मग. पुढच्या गाड्यांना दाखवतो."

कमू जमिनीवरच बसली. आज तिनं चेहरा काढला. डोळे काढले, नाक काढलं, ओठ काढले. पाहिलं तर ते कुणाचंच तोंड नव्हतं. खोडून पुन्हा काढलं. आता तर वर्गातल्या तक्त्यावरचा मुलगा झाला. रोज जिला खेटून बुध्या झोपायचा, तिला त्याचे डोळे आठवेनात.

"असली पन्नास फिरतात इथं, पोरी," सुदर्शन म्हणाला. रागानं नव्हे, पण म्हणाला.

खोडाळ्याची जीप सुटली. मागोमाग त्र्यंबकची. कुठल्या गाडीत बसला असेल? कुणी बसवला असेल? कमूच्या डोळ्यांतून कागदावर टपटप पाणी पडू लागलं आणि त्या खोट्या मुलाचं तोंड फिसकटलं.

तिनं पान उलटलं. हात आपोआपच चालला. दोन त्रिकोण, वाटोळं डोकं. दोन्ही तळवे भिंतीला, पोट भिंतीला, एक पाय दुसऱ्या पायावर. गिरणीपाशी पाहिलेला, रोज पाहिलेला बुध्या.

सुदर्शननं कागद हिसकावलाच. "आयला! हे पोर? हे तर माझ्या बॉनेटला चिकटलं होतं! इंजिन चालू होतं नं. हाड हाड केलं तरी हलेना, मला वाटलं मस्ती करतंय. मग मी गाडी बंद केली, तवा गेलं."

"कुठं?"

"तिकडं. स्टँडावर."

स्टँडावर जव्हारची एसटी घरघरत उभी होती. दाराशी ही झुंबड. कमू गर्दीत घुसली, पण पुढे सरकता येईना. ती वाकली. एसटीखालून पलीकडे पाहिलं. मागच्या चाकाला लागून दोन अनवाणी पावलं होती, एक दुसऱ्यावर चढवलेलं.

आत घंटी वाजली. टण टण!

"थांबवा! पोर आहे!" तिचा आवाज इंजिनात बुडाला. पलीकडे जायला वाट नव्हती. एसटीला हिसका बसला.

कमूनं हातातले कागद टाकले, मुठी वळल्या आणि होता तेवढा जीव एकवटून एसटीच्या पत्र्यावर आपटल्या. दोनदा, मग जरा थांबून एकदा. पुन्हा दोनदा, मग जरा थांबून एकदा. आणि एसटीखालून दिसलं, ती दोन पावलं चाकापासून मागे सरली, तिला शोधत निघाली.